टूमस्टोन, २६ ऑक्टोबर १८८१ : एका शस्त्रबंदीच्या अंमलबजावणीचा अभ्यास

ॲरिझोना टेरिटरीतल्या टूमस्टोन गावात दुपारी तीनच्या सुमारास पोलीसप्रमुख वर्जिल अर्प आपल्या तीन साथीदारांसह फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या एका अरुंद, रिकाम्या जागेपाशी पोहोचला. तिथे उभ्या असलेल्या माणसांची हत्यारे काढून घ्यायची, एवढेच काम होते. त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात सुमारे तीस गोळ्या झाडल्या गेल्या. तिघे मेले आणि तिघे जखमी झाले. पुढे या घटनेला ओ.के. कोरालची चकमक हे नाव पडले. प्रत्यक्षात ती कोरालमध्ये, म्हणजे घोडे ठेवायच्या आवारात, घडलीच नाही. कोरालच्या मागच्या दारापासून काही घरे पश्चिमेला, छायाचित्रकार फ्लाय यांच्या घराला लागून असलेल्या जेमतेम पंधरा-अठरा फूट रुंदीच्या बोळात ती झाली.

दंतकथेत या दुपारचा नायक वायट अर्प असतो. शांत डोक्याचा मार्शल, विजेच्या वेगाने पिस्तूल काढणारा. पण कागदोपत्री त्या दिवशी कायदा वर्जिलच्या हातात होता. वायटकडे कायमचे पद नव्हते. ओरिएंटल सलूनमधल्या फारो या जुगाराच्या मेजात त्याचा हिस्सा होता, आणि मोठ्या भावाने मदतीला बोलावले म्हणून तो गेला. म्हणून हे प्रकरण वर्जिलच्या जागी उभे राहून वाचावे लागते. त्याला काय ठाऊक होते, काय ठाऊक नव्हते, आणि कुठे थांबता आले असते, हे पाहावे लागते.

पार्श्वभूमी : तीन खुर्च्या आणि वसुलीचा पैसा

एड शिफेलिन याला १८७७ मध्ये या डोंगरांत चांदी सापडली. १८७९ मध्ये गाव वसले आणि दोन वर्षांत तिथे हजारो लोक जमले. फेब्रुवारी १८८१ मध्ये पीमा काउंटीचे दोन भाग होऊन कोचीस काउंटी वेगळी निघाली आणि टूमस्टोन तिचे मुख्य ठाणे झाले.

कायद्याच्या तीन खुर्च्या होत्या. शहराच्या हद्दीत पोलीसप्रमुख, म्हणजेच टाउन मार्शल. काउंटीत शेरीफ. आणि टपाल, टपालगाड्या यांसारख्या संघराज्याच्या गुन्ह्यांसाठी यू.एस. मार्शल व त्याचे डेप्युटी. वर्जिलकडे यातल्या दोन खुर्च्या होत्या. नोव्हेंबर १८७९ मध्ये क्रॉली डेक या यू.एस. मार्शलने त्याला डेप्युटी नेमले होते. जून १८८१ मध्ये बेन सिप्पी गाव सोडून गेला, तेव्हा शहराचे पोलीसप्रमुखपदही त्याच्याकडे आले. त्याआधी शहराच्या मार्शलपदासाठी तो निवडणुकीला उभा राहून हरला होता. अडतीस वर्षांचा, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेला, कामात चोख माणूस अशी त्याची ओळख होती.

तिसऱ्या खुर्चीवर जॉनी बीहन होता. गव्हर्नर फ्रीमाँट यांनी त्याला नव्या काउंटीचा शेरीफ नेमले. या पदाचे खरे मोल समजल्याशिवाय पुढचे वैर समजत नाही. शेरीफ हाच काउंटीचा करवसुली अधिकारी होता. दारू, जुगार, खाणी, गुरे यांवरचा कर तोच गोळा करी आणि वसुलीतला दहावा हिस्सा स्वतःकडे ठेवी. मामलेदार आणि फौजदार ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे, आणि वर टक्केवारी, असे ते पद होते. वायटलाही ते हवे होते. आपल्याला अंडरशेरीफ, म्हणजे शेरीफचा दुय्यम, करायचे या बोलीवर त्याने अर्ज मागे घेतला. बीहनने बोली पाळली नाही, हे दोघांनीही पुढे मान्य केले. अंडरशेरीफ झाला हॅरी वुड्स, जो ‘नगेट’ या वर्तमानपत्राचा संपादक होता. शहराचा महापौर जॉन क्लम हा ‘एपिटाफ’ या दुसऱ्या पत्राचा संपादक. म्हणजे प्रत्येक गटाकडे एक पद होते आणि एक छापखाना. त्या दुपारबद्दलची निम्मी गैरसमजूत या दोन छापखान्यांतून बाहेर पडली आहे.

समोरची बाजू म्हणजे क्लँटन आणि मॅक्लॉरी ही रँचवाली कुटुंबे. मेक्सिकोतून चोरून आणलेली गुरे त्यांच्या हातून पुढे विकली जात. गावातले खाटीक आणि सैन्याचे ठेकेदार ही गुरे घेत, त्यामुळे ग्रामीण भागात त्यांना आसरा होता. मार्च १८८१ मध्ये टपालगाडीवर दरोडा पडला. बड फिलपॉट हा गाडीवान आणि एक प्रवासी मारले गेले. टपालगाड्यांतून पैसा आणि मौल्यवान माल पाठवणाऱ्या वेल्स फार्गो कंपनीने तिघा संशयितांवर प्रत्येकी बाराशे डॉलरचे बक्षीस लावले. वायटने आइक क्लँटनशी गुपचूप सौदा केला : तू त्यांना पकडून दे, पैसे तुझे, श्रेय माझे. त्या श्रेयावर त्याला शेरीफची निवडणूक लढवायची होती. ते तिघेही दुसरीकडेच मारले गेले आणि सौदा बारगळला. आइकच्या मनात मात्र भीती राहिली. ही गोष्ट फुटली, तर त्याचेच सोबती त्याला जिवंत ठेवले नसते. सप्टेंबरमध्ये बिस्बीच्या गाडीवर दरोडा पडला. पकडलेल्या संशयितांत फ्रँक स्टिलवेल होता, आणि तो बीहनचा डेप्युटी राहिलेला होता. कुंपणच शेत खाते अशी ही स्थिती. बीहनच्या शब्दावर अर्प बंधूंचा विश्वास उरला नाही तो इथून.

नियम नेमका काय होता

१९ एप्रिल १८८१ रोजी नगर परिषदेने नियम क्रमांक ९ केला. लेखी परवान्याशिवाय शहराच्या हद्दीत कोणतेही प्राणघातक हत्यार हातात वा अंगावर बाळगायचे नाही. सर्व प्रकारची बंदुका-पिस्तुले, बोवी चाकू, खंजीर यात आले. बाहेरून आलेल्याने हत्यार तबेल्यात, हॉटेलात किंवा सलूनमध्ये ठेवायचे आणि जाताना परत घ्यायचे.

सीमेवरच्या गावात प्रत्येकाच्या कंबरेला पिस्तूल असे, हे पडद्यावरचे चित्र आहे. डॉज सिटी, विचिटा, ॲबिलीन या कॅन्ससमधल्या गुरांच्या बाजारगावांतही शस्त्रबंदी होती. तिथल्या मार्शलचे बरेचसे काम याच नियमाभोवती फिरे : हत्यार जमा करून घे, दारुड्याला रात्रभर कोठडीत ठेव, सकाळी दंड भरून सोड. वाइल्ड बिल हिकॉकला ॲबिलीनमध्ये महिना दीडशे डॉलर पगार आणि दंडाच्या रकमेत चौथा हिस्सा मिळे. त्याच नोकरीत, १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये, फिल को याच्याशी झालेल्या गोळीबारात त्याने धावत आलेल्या माइक विल्यम्स या आपल्याच सहकाऱ्याला ओळखले नाही आणि त्याला ठार केले. त्यानंतर काही आठवड्यांत गावाने त्याला कामावरून कमी केले.

टूमस्टोनच्या नियमात एक पळवाट होती, आणि ती या प्रकरणात निर्णायक ठरली. गावात नुकताच येणारा किंवा लगेच बाहेर पडणारा माणूस, सद्हेतूने आणि ‘वाजवी वेळेत’ हत्यार जमा करायला किंवा घ्यायला जात असेल, तर त्याला बंदी लागू नव्हती. वाजवी म्हणजे किती वेळ, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

समस्या कशी तयार झाली

२५ ऑक्टोबरच्या रात्री अल्हाम्ब्रा सलूनमध्ये डॉक हॉलिडे आणि आइक यांची बाचाबाची झाली. हॉलिडे मूळचा दंतवैद्य, क्षयाचा रोगी, जुगारी आणि वायटचा मित्र. भांडण सोडवल्यावर जे झाले ते आज वाचताना अविश्वसनीय वाटते. ऑक्सिडेंटल सलूनमध्ये पहाटेपर्यंत पोकरचा डाव चालला, आणि त्या मेजावर वर्जिल, बीहन, आइक आणि टॉम मॅक्लॉरी एकत्र बसले होते. डाव उठल्यावर आइकने हॉलिडेसाठी लढाईचा निरोप दिला. आपण पोलीस अधिकारी आहोत, असा निरोप नेणार नाही, असे सांगून वर्जिल झोपायला गेला.

सकाळी नऊच्या सुमारास डेप्युटी ब्रॉंक त्याला उठवायला आला. आइक धमक्या देत फिरतो आहे, असे त्याने सांगितले. वर्जिल पुन्हा झोपला आणि दुपारच्या सुमारास उठला. तोवर आइक रायफल आणि पिस्तूल घेऊन रस्त्यावर, अर्प बंधूंना शोधत होता.

दुपारी वर्जिल आणि त्याचा धाकटा भाऊ मॉर्गन यांनी त्याला फोर्थ स्ट्रीटवर मागून गाठले. वर्जिलने रायफल धरली आणि पिस्तुलाची नळी त्याच्या डोक्यात हाणली. ही त्या काळची सर्रास रीत होती. गोळी न झाडता माणूस खाली पडतो, तासाभरात शुद्धीवर येतो, कज्जा दंडावर मिटतो. न्यायाधीश वॉलेस यांनी पंचवीस डॉलर दंड आणि अडीच डॉलर खर्च लावला. आइकची हत्यारे ग्रँड हॉटेलात ठेवली गेली आणि आइक मोकळा झाला. न्यायालयाबाहेर वायटची टॉम मॅक्लॉरीशी गाठ पडली आणि त्याने टॉमलाही तसाच फटका मारला. तेवढ्यात फ्रँक मॅक्लॉरी आणि आइकचा धाकटा भाऊ बिली क्लँटन गावात येऊन पोहोचले. आपल्या भावांची डोकी फुटली आहेत ही बातमी त्यांना आल्या आल्या मिळाली. सगळे स्पँगेनबर्गच्या बंदुकीच्या दुकानात गेले. आइकला दुकानदाराने पिस्तूल विकायला नकार दिला.

दुपारी दोननंतर वर्जिलपुढे असे चित्र होते : चार-पाच संतापलेली माणसे, त्यांतल्या काहींजवळ हत्यारे, सकाळपासूनच्या धमक्या, आणि चौकात जमलेला गाव.

कोणते पर्याय होते

पहिला, काहीच न करणे. ती माणसे कोरालमध्ये घोडे घेत असतील तर नियमातली सूट त्यांना मिळत होती. कोरालमध्येच राहिले तर आपण हात लावणार नाही, रस्त्यावर आले तर हत्यारे काढून घेऊ, असे वर्जिलने चौकशी करणाऱ्या लोकांना सांगितलेही. नियमाचे त्याचे वाचन अचूक होते.

दुसरा, नागरिकांचे बळ. विल्यम मरे याने पंचवीस हत्यारबंद माणसे देऊ केली. वर्जिलने नको म्हटले. या नकारासाठी त्याला दोष देणे कठीण आहे. सुरक्षा समितीची पंचवीस माणसे भर बाजारात आली असती, तर अटकेची झुंडशाही व्हायला वेळ लागला नसता. पण अडीचशे पावलांवर उभ्या राहणाऱ्या चार शांत माणसांचाही उपयोग होता, याचा विचार झालेला दिसत नाही.

तिसरा, शेरीफला सोबत घेणे. हाच सर्वांत चांगला पर्याय होता, आणि वर्जिलने तो मागून पाहिला. बीहन तेव्हा दाढी करून घेत होता. हॅफर्डच्या सलूनच्या कोपऱ्यावर दोघे भेटले. आपल्याबरोबर चल, असे वर्जिल म्हणाला. तुम्ही गेलात तर मारामारी होईल, मी एकटा जाऊन हत्यारे काढतो, असे बीहनने सांगितले. वर्जिल थांबला.

चौथा, आपली माणसे घेऊन स्वतः जाणे.

जे केले गेले

बीहन त्या बोळात पोहोचला. त्याने आइकच्या कंबरेभोवती हात फिरवला, हत्यार सापडले नाही. टॉमने कोट उघडून दाखवला. बिलीने आपण गाव सोडतोय असे सांगितले. फ्रँक मात्र अडला. अर्प बंधूंची हत्यारे आधी काढा, मग माझे देतो, असे तो म्हणाला. म्हणजे शेरीफला आता एक अत्यंत मोलाची माहिती होती : फ्रँक आणि बिली यांच्याकडे पिस्तुले आहेत, त्यांच्या घोड्यांवर रायफली आहेत, आणि आइक व टॉम बहुधा निःशस्त्र आहेत.

इकडे हॅफर्डच्या कोपऱ्यावर निरोप आला की ते कोरालमधून निघून फ्रीमाँट स्ट्रीटवर आले आहेत. वर्जिलच्या दृष्टीने सूट संपली. त्याने वायट, मॉर्गन आणि हॉलिडे यांना मदतीला घेतले. वेल्स फार्गोच्या कचेरीतून आणलेली आखूड बंदूक त्याने हॉलिडेला दिली, कोटाखाली झाकून ठेवायला सांगितले, आणि हॉलिडेची काठी स्वतः घेतली. चौघे फोर्थ स्ट्रीटने वर जाऊन फ्रीमाँटवर डावीकडे वळले.

वाटेत बीहन धावत आला. तो काय बोलला यावर साक्षी फाटतात. ‘मी त्यांची हत्यारे काढली आहेत’ असे ऐकल्याचे अर्प बंधूंनी सांगितले. बीहनच्या म्हणण्याप्रमाणे तो ‘हत्यारे काढायला गेलो होतो’ असे बोलला. शब्द कोणतेही असोत, वर्जिलने जे केले ते नोंदवण्यासारखे आहे : त्याने पिस्तूल पट्ट्यात डावीकडे सरकवले आणि काठी उजव्या हातात धरली. ज्याला गोळ्या झाडायच्या असतात तो उजव्या हातात काठी घेत नाही.

बोळात दोन्ही बाजूंत सहा ते दहा फुटांचे अंतर होते. वर्जिल म्हणाला, “हात वर करा, मला तुमची हत्यारे हवी आहेत.” दोन पिस्तुलांचे घोडे चढवल्याचे आवाज आले. त्या काळच्या सिंगल ॲक्शन पिस्तुलात प्रत्येक गोळीआधी घोडा हाताने चढवावा लागे, त्यामुळे तो आवाज म्हणजे धमकीच होती. “थांबा, मला ते नको आहे!” हे वर्जिलचे पुढचे शब्द. मग दोन गोळ्या जवळजवळ एकत्र सुटल्या.

नेमबाजीची शर्यत तिथे नव्हती. दहा फुटांवरून झाडलेल्या गोळ्याही हुकल्या. आइकने वायटला धरले, आपल्याजवळ काही नाही असे ओरडला. वायटने त्याला लढ नाहीतर पळ असे सांगितले आणि तो पळाला. टॉम घोड्याच्या आडोशाला होता. घोडा हलला आणि हॉलिडेच्या आखूड बंदुकीचा बार त्याच्या उजव्या काखेखाली लागला. टॉमचे हत्यार नंतर सापडले नाही. तो निःशस्त्र होता की नाही, हा वाद आजही संपलेला नाही. फ्रँक आणि बिली जखमी होऊनही झाडत राहिले. तिघेही मेले. वर्जिलच्या पोटरीत गोळी गेली, मॉर्गनच्या खांद्यांतून आरपार, हॉलिडेच्या कंबरेला चाटून.

परिणाम

दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेला मोठी गर्दी झाली. टूमस्टोनच्या रस्त्यावर यांचा खून झाला, असा फलक शवपेट्यांसोबत होता. नगर परिषदेने २९ ऑक्टोबरला वर्जिलला निलंबित केले. आइकने खुनाची फिर्याद दिली. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढे महिनाभर प्राथमिक सुनावणी चालली. प्रत्येकाचा जामीन दहा हजार डॉलर. विल मॅक्लॉरी हा मृतांचा वकील भाऊ टेक्ससहून येऊन फिर्यादी पक्षाला मिळाला, आणि वायट व हॉलिडे यांना काही दिवस कोठडीत बसावे लागले.

निकाल साक्षीपुराव्यापेक्षाही जखमांनी ठरवला. बिलीच्या मनगटातली गोळी आणि टॉमची काखेखालची जखम यांवरून दोघांनी हात वर केले नव्हते किंवा कोट उघडून धरला नव्हता, असे स्पायसर यांनी मांडले. रस्त्यापलीकडची शिवणकाम करणारी ॲडी बोरलँड आणि रजेवर असलेला रेल्वे इंजिनचालक सिल्स या दोन त्रयस्थ साक्षीदारांना त्यांनी महत्त्व दिले. खून करायचा असता तर आइक पहिला मेला असता, हाही त्यांचा मुद्दा. ३० नोव्हेंबरला सर्वांची मुक्तता झाली. मात्र त्याच निकालात वर्जिलवर ठपका आहे : ज्यांचे आइकशी आदल्या रात्रीपासून भांडण होते त्या वायट आणि हॉलिडेला सोबत घेणे अविचाराचे आणि दोषास्पद होते. तरी भोवतालची बेबंदशाही पाहता विश्वासाची माणसे त्याला हवी होती, म्हणून यात गुन्हा नाही.

२८ डिसेंबरच्या रात्री वर्जिलवर अंधारातून बंदुका झाडल्या गेल्या. डाव्या हाताचे हाड काढावे लागले आणि तो हात कायमचा निकामी झाला. १८ मार्च १८८२ रोजी बिलियर्ड खेळताना मॉर्गनला पाठीत गोळी घालून मारले. तीन दिवसांनी टूसाँच्या रेल्वे आवारात फ्रँक स्टिलवेलचे प्रेत सापडले. वायट तेव्हा डेप्युटी यू.एस. मार्शल होता, आणि त्याच्यावर खुनाचे वॉरंट निघाले. एकीकडे वॉरंट घेऊन फिरणारा मार्शल, दुसरीकडे त्याचे वॉरंट घेऊन मागे लागलेला शेरीफ. एप्रिलमध्ये वायटने ॲरिझोना सोडले. ३ मे रोजी राष्ट्राध्यक्ष आर्थर यांना ॲरिझोनातल्या टोळ्यांनी पांगावे अशी घोषणा काढावी लागली, कारण १८७८ च्या कायद्याने सैन्याला पोलिसी कामाला जुंपण्यावर बंधन आले होते.

वर्जिल १८८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोल्टनचा मार्शल म्हणून निवडून आला, एका हाताने. वायट १९२९ मध्ये वारला, आणि दोन वर्षांनी निघालेल्या चरित्राने त्याला एकट्याने गावे सुधारणारा मार्शल करून टाकले. तीन मृतांच्या घरच्यांची आणि वर्जिलच्या हाताची किंमत त्या कथेत कुठेच मोजलेली नाही, म्हणून मला ती कथा खटकते.

निर्णयाचे क्षण : वेगळे काय करता आले असते

सगळी नजर बोळातल्या तीस सेकंदांकडे जाते. तिथे बदलण्यासारखे फार थोडे होते. त्याआधीचे सहा तास महत्त्वाचे.

सकाळी नऊची खबर गंभीरपणे घ्यायला हवी होती. आइक तेव्हा एकटा होता, रात्रभर जागलेला आणि प्यालेला. फ्रँक व बिली गावात नव्हते. त्या वेळी अटक झाली असती तर डोके फुटूनही प्रकरण एकाच माणसापुरते राहिले असते.

त्याहून मोठी चूक न्यायालयातली. फिर्याद फक्त हत्यार बाळगल्याची झाली. जिवे मारण्याच्या धमक्यांचे साक्षीदार हाताशी होते. त्यावर शांतता राखण्याचा जामीन मागता आला असता आणि जामीनदार मिळेपर्यंत आइक कोठडीत राहिला असता. सत्तावीस डॉलर पन्नास सेंट भरून सुटलेला, रक्ताने माखलेला माणूस ही दुपारची ठिणगी होती. टॉमला वायटने मारलेला फटका तर निव्वळ अनाठायी. तिथे ना अटक झाली, ना आरोप.

बीहनला एकटे पाठवणे समजण्यासारखे आहे, पण त्याच्या परतण्याची वाट पाहणे हा त्याच निर्णयाचा दुसरा अर्धा भाग होता. वर्जिल वाटेतच भेटलेल्या शेरीफला ओलांडून पुढे गेला. रस्त्यात उभे राहून फक्त दोन प्रश्न विचारायचे होते : कोणाकडे हत्यार आहे आणि कोणाकडे नाही? ते निघाले आहेत की थांबले आहेत? उत्तर होते, पण ते बीहनच्या डोक्यातच राहिले. यात बीहनचा दोष कमी नाही. फ्रँकने नकार दिल्यावर त्याने तिथेच, दोन्ही गटांच्या मध्ये उभे राहायला हवे होते.

माणसांची निवड हा स्पायसर यांचाही मुद्दा. मॉर्गनला घेणे ठीक. हॉलिडेला नाही. हत्यारे काढून घ्यायला जाताना, ज्याच्याशी भांडण पेटले त्यालाच बंदूक देऊन पुढे नेले, तर समोरच्याला ती अटक वाटत नाही. ब्रॉंकसारखा डेप्युटी आणि दोन अनोळखी नागरिक पुरेसे होते.

अंतराचाही प्रश्न आहे. दहा फुटांवर हात वर करण्याचा हुकूम आणि हत्यार देण्याचा हुकूम एका दमात दिला, तर पिस्तूल द्यायला कंबरेकडे जाणारा हात आणि झाडायला जाणारा हात यांत फरक कळत नाही. फ्लाय यांच्या घराच्या कोपऱ्याआडून, अधिक अंतरावरून, आधी फक्त हात वर करायला लावून मग एकेकाला बाहेर बोलावणे शक्य होते.

आणि नियमाचा मसुदा. ‘वाजवी वेळ’ ऐवजी ठरावीक वेळ लिहिली असती, तबेल्यात किंवा हॉटेलात जमा हत्यारांची पावती सक्तीची केली असती, तर फ्रँक आणि बिली आल्यापासून किती वेळ झाला यावर वाद उरला नसता. कोरालच्या दारावरच, घोडे दाणापाण्याला लावताना, तबेलेवाल्याने पिस्तुले मागितली असती.